घाटाखालचे पायडल

महाडपासून पोलादपूरपर्यंतचा रस्ता वीस किलोमीटरांच्या आतबाहेरचा, आणि तरीही या अल्पशा पट्ट्यात कोकणच्या भूमीची दोन भिन्न रूपे एकमेकांस इतकी लगटून उभी आहेत, की चाकाच्या वाहनाचा या मुलखातील इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा असेल त्याने आधी हा रस्ताच नीट न्याहाळावा. महाड हे सावित्री आणि गांधारी यांच्या संगमावरचे, खाडीच्या भरतीओहोटीशी व्यवहार बांधून घेतलेले कसब्याचे ठिकाण. गांधारपाल्याची बौद्ध लेणी त्याच्या उशाशी आहेत आणि रायगडाची वाट त्याच्या दारातून जाते. पोलादपूर त्याच सावित्रीच्या वरच्या अंगास, जेथे नदी डोंगरातून बाहेर पडते आणि सह्याद्रीच्या भिंती जवळ सरकतात, तेथे वसलेले. पूर्वेस आंबेनळी घाट प्रतापगडाच्या बगलेतून महाबळेश्वराकडे चढतो, दक्षिणेस कशेडी घाटाची वाट खेडच्या बाजूस उतरते, आणि महाडहून बिरवाडीवरून निघालेली वाट वरंध घाटाने भोरास पोहोचते. सपाटी म्हणून जी काही आहे ती नदीकाठच्या भातखाचरांची. तिच्यापलीकडे कोठेही जावयाचे म्हटले, की पायांखाली चढ येतोच.

अशा मुलखात सायकल आली, टिकली आणि पिढ्यानपिढ्या राबली, याचे पुष्कळसे श्रेय तिच्या ज्या भागाकडे आपण क्वचितच पाहतो त्या भागाकडे, म्हणजे पायडलाकडे जाते, असे माझे मत आहे. सपाट, रबराच्या ठोकळ्यांचे, दोन्ही बाजूंनी सारखेच आणि पावलाला कोठेही न बांधणारे हे पायडल म्हणजे सुधारणेची वार्ता न पोहोचलेल्या प्रदेशाची निरुपाय निवड होती, अशी समजूत आज शहरातील हौशी सायकलस्वारांत रूढ होऊ पाहत आहे. ती समजूत मला मान्य नाही. ज्या माणसाला वाटेत वारंवार उतरावे लागते, ज्याचे पाऊल अनवाणी आहे किंवा फार तर चपलेत आहे, आणि ज्याच्या वर्षातील चार महिने पाण्याचे आहेत, त्याने विचारपूर्वक निवडावयाचे ठरविले असते तरी हेच पायडल निवडले असते.

हा मुलूख मुळात पायांचा. पार घाट, मढे घाट, शेवत्या, उपांड्या, ढवळे घाट ही देशावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांची नावे ज्यांच्या परिचयाची आहेत त्यांस हे निराळे सांगावयास नको. सिंहगडी पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचे शव मढे घाटाने खाली आणून पोलादपूरजवळच्या उमरठास नेले, अशी परंपरा आहे. ते खांद्यावरून आले, कारण त्या वाटेवर खांद्यावाचून दुसरे वाहन चालण्यासारखे नव्हते. बैलांचे तांडे चालत, आजारी माणसास डोलीतून उतरवीत, आणि मोठा माल असे तो बाणकोटच्या खाडीतून गलबतांनी दासगाव-महाडपर्यंत येई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे गव्हर्नर सर सेमूर फिट्झजेराल्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा घाटरस्ता, म्हणजेच आजचा आंबेनळी, बांधला गेला आणि महाडच्या बंदरातून महाबळेश्वरापर्यंत चाकाला वाट मिळाली. तरीही विसाव्या शतकाची पंचवीस-सत्तावीस वर्षे उलटून गेली तेव्हा या भागातील प्रवास किती मिश्र स्वरूपाचा होता, हे एका सुविख्यात प्रसंगावरून ध्यानात येते. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासमवेतचे प्रतिनिधी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, खाडीमार्गे दासगावास उतरले, आणि तेथून महाडपर्यंतचे सुमारे पाच मैल पायी चालत गेले. धरमतरहून मोटारी येत होत्या, परंतु त्या मोटारींचे चालक-मालक आपणांस घेतील याची शाश्वती नव्हती. पाऊल मात्र कोणाच्या परवानगीवर अवलंबून नव्हते.

महाड आणि पोलादपूर यांच्या मधला सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल १९२८ सालचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात तो वाहून गेला, दोन एस. टी. गाड्या आणि आणखी काही वाहने त्याच्याबरोबर गेली, आणि सारा महाराष्ट्र हळहळला. परंतु त्याआधी अठ्ठ्याऐंशी वर्षे याच पुलाने मोटार, बैलगाडी आणि सायकल यांस नदीवरून पार केले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या या टोकाला सायकलीचे जे युग म्हणावयाचे ते याच पुलाच्या आयुष्यात सामावलेले आहे.

आता थोडे मागे जाऊन ते पायडल मुळात कोठून आले ते पाहू. १८१७ साली जर्मनीतील मान्हाइम येथे कार्ल फॉन द्राइस या सरदाराने दोन चाके एकामागे एक जोडून जे यंत्र केले त्याला पायडल नव्हतेच. स्वाराने त्यावर बसावे आणि आळीपाळीने जमीन रेटीत धावावे, एवढीच त्याची कृती. पाऊल जमिनीपासून कायमचे सुटले ते १८६० च्या दशकात, जेव्हा पॅरिसमध्ये पिएर मिशो यांच्या कारखान्यातील यंत्रांच्या पुढच्या चाकाच्या आसाला दांडे आणि पायडले बसली, आणि पिएर लालमाँ या दुसऱ्या फ्रेंच कारागिराने २० नोव्हेंबर १८६६ रोजी अमेरिकेत तशा यंत्राचा एकाधिकार (पेटंट) मिळविला. पुढे चाक मोठे होत गेले, स्वार धोकादायक उंचीवर जाऊन बसला, आणि अखेरीस १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल काढून साखळीच्या योगाने गती मागच्या चाकाला दिली व स्वाराला पुन्हा जमिनीच्या आवाक्यात आणले. तीन वर्षांनी डनलॉपची हवेची धाव आली. आपल्या गावी जी काळी, उंच, दणकट सायकल पिढ्यानपिढ्या वावरली तिचा सांगाडा त्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ सिद्ध झाला होता.

पायडलाच्या बाबतीत मात्र त्या काळीच दोन पंथ पडले. एक दातेरी पोलादी पट्ट्यांचे, ज्यावर चामडी बुटाचा तळवा रुतून बसे आणि शर्यतीत घसरत नसे. दुसरे रबरी ठोकळ्यांचे, जे गावात हिंडणाऱ्या, साधे जोडे घालणाऱ्या सभ्य गृहस्थांसाठी असे. दातेरी पायडलाला पुढे पोलादी कमान आणि चामडी पट्टा जोडून पाऊल त्यात अडकवून टाकण्याची रीत आली आणि ती शर्यतीच्या जगात दीर्घकाळ चालली. हिंदुस्थानात रॅले, बी. एस. ए., हर्क्युलीस, हंबर, फिलिप्स या इंग्लिश पेढ्यांच्या ज्या सायकली आल्या, त्यांतील बहुसंख्य रोडस्टर जातीच्या होत्या आणि त्यांना रबरी पायडले होती. फिलिप्स ही बर्मिंगहॅमच्या परिसरातील पेढी तर सायकलीच्या सुट्या भागांबद्दल, विशेषतः पायडलांबद्दलच प्रसिद्ध होती. विलायतेतील कारकुनाच्या बुटासाठी घडलेली ही वस्तू कोकणच्या अनवाणी पावलाला इतकी कशी मानवली, हा प्रश्न मला अत्यंत रोचक वाटतो.

दातेरी पायडलावर उघडे पाऊल ठेवणे किती कष्टप्रद असते ते एकदा ठेवून पाहिल्याशिवाय कळावयाचे नाही. दोन फर्लांगांत तळव्यावर वळ उठतात, आणि पावसात भिजून मऊ पडलेल्या कातडीला तर त्या दात्यांनी जखमच होते. रबरी ठोकळा तळव्याशी असा उद्दामपणा करीत नाही. ठोकळ्यांची लांबी साधारण चार इंच, म्हणजे पावलाच्या रुंदीशी जुळणारी. समोरासमोर दोन ठोकळे, मध्ये आस, आणि वरची व खालची बाजू एकसारखी, त्यामुळे अंधारात वा चिखलात पाय टाकला तरी पायडल उलटे की सुलटे ते पाहावे लागत नाही. मिरगापासून दसऱ्यापर्यंत शेतकऱ्याचे पाऊल वहाणेत असेच असे नाही, आणि स्वातंत्र्यपूर्व काळात तर खेड्यापाड्यांतील बहुतेकांचे ते कोणत्याच ऋतूत नसे. त्यात आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या समाजांना पायांत वहाणा घालून सवर्णांच्या आळीतून जाण्याचीदेखील अनेक ठिकाणी मुभा नव्हती, त्यांच्या पावलांना विशिष्ट जोड्यांची अट घालणारे यंत्र हे पुन्हा परकेच राहिले असते. रबरी पायडलाने अशी अट कोणालाच घातली नाही. पाऊल आहे एवढे त्याला पुरे होते.

दुसरे कारण चढाचे, आणि ते अंकगणिताने पडताळून पाहता येते. रोडस्टर सायकलीच्या पुढच्या चक्राला साधारणपणे ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. चाक २८ इंची, त्याचा परीघ सुमारे २.२ मीटर. म्हणजे पायडलाच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. याच फेऱ्यात, दांडा साडेसहा इंचांचा असल्याने, पाऊल मात्र एक मीटरभरच वर्तुळात फिरते. परिणाम असा, की पायाने लावलेल्या जोराचा पाचवा हिस्सा तेवढा चाकाच्या कडेवर उतरतो. आता साठ किलोंचा मनुष्य बावीस किलोंच्या सायकलीवर बसून पंधरास एक अशा चढावर निघाला, तर हिशेब करता असे दिसते, की त्याला पायडलावर सरासरीने तेहेतीस किलोंच्या आसपास भार सतत द्यावा लागेल. आणि वर्तुळाच्या माथ्यावर व तळाशी पायाचा जोर जवळजवळ वाया जात असल्यामुळे मधल्या टप्प्यात तो पन्नास किलोंच्या वर जाईल. म्हणजे प्रत्येक पावलागणिक स्वाराने जवळजवळ आपले सारे वजन पायडलावर तोलून धरावयाचे. शंभर-दोनशे वार हे शक्य आहे. पाठीमागे कॅरिअरवर तांदळाचे अर्धे पोते असेल तर तेही शक्य नाही. आणि पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटरांचे असून त्यात समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंची गाठावयाची आहे.

म्हणून या मुलखातील सायकलस्वार हा अर्धा पादचारीच राहिला. चढ आला की उतरावे, डाव्या हाताने हँडल आणि उजव्या हाताने सीट धरून सायकल ढकलीत न्यावी, माथा आला की डावे पाऊल डाव्या पायडलावर ठेवून उजव्या पायाने जमीन रेटीत चार उड्या माराव्यात आणि सायकलीने वेग घेतला की टांग टाकून वर बसावे. पुन्हा ओढ्याची फरशी लागली, पुन्हा गुरे आडवी आली, पुन्हा खाचर फुटून रस्त्यावर चिखल आला, की पुन्हा उतरावे. धोतर किंवा लुंगी सावरून केलेली ही चढउतार शहरी मनुष्याला दिवसभरात जितक्या वेळा करावी लागेल तितकी येथे एका कोसात होई. घोड्याच्या रिकिबीबद्दल जुने स्वार जी खबरदारी सांगत, की पाऊल रिकिबीत टेकलेले असावे पण अडकलेले नसावे, तीच येथेही लागू आहे. पट्ट्याने आवळलेला पाय घेऊन घाटाखाली सायकल चालविणे म्हणजे पडताना यंत्रासकट पडण्याची सोय करणे होय.

उतारावर तर ही मोकळीक प्राणरक्षक ठरे. रोडस्टरचे ब्रेक पोलादी सळ्यांनी ओढले जात आणि रबराच्या गुटक्या चाकाच्या पोलादी कडेवर घासत. कड कोरडी असेतो ते ठीक; पाऊस लागला, की पाण्याचा पातळ थर मध्ये येऊन ब्रेक दाबला तरी सायकल आपल्याच मर्जीने धावत राही. महाडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि महाबळेश्वरी त्याच्या दीडपटीपेक्षाही जास्त. अशा वेळी दोन्ही पाय क्षणात सोडून जमिनीला लावणे, चपलेचा तळवा रस्त्यावर घासत वेग मोडणे, हाच अखेरचा ब्रेक. शहाणा मनुष्य मोठ्या उतारावर बसतच नसे. तो चढाप्रमाणे उतारही पायी उतरे, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नसे.

या पायडलाला दोष नव्हते असे मात्र मी म्हणणार नाही. रबर झिजून गुळगुळीत झाले की पावसात पाऊल सटकते आणि उलटे फिरून आलेले पायडल नडगीवर जे बसते त्याची खूण वर्षानुवर्षे टिकते. सायकल शिकलेल्या जुन्या पिढीतील पुष्कळांच्या नडग्या पाहाव्यात. त्यावर उपाय म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी कापून ठोकळ्यांभोवती घट्ट गुंडाळण्याची रीत होती. ठोकळा फुटून गळून पडला आणि बाजारात दुसरा मिळाला नाही तर त्या मापाचा लाकडी गुटका ठोकून बसवीत. तोही गेला, की नुसत्या आसाच्या दांडीवर तळव्याचा मध्यभाग टेकवून वर्ष-दोन वर्षे काढलेली माणसे खेडोपाडी सर्रास दिसत. मुले याच पायडलावर शिकली, तीही सीटपर्यंत न पोहोचता, नळीखालून पाय पलीकडे घालून, अर्धे पायडल खाली दाबीत आणि अर्धे वर येऊ देत. पूर्ण फेरा पायांत येईपर्यंत ही अर्धी फेरीच त्यांची शाळा असे.

दुरुस्तीचा धंदा हा या वस्तूच्या इतिहासाचा दुसरा अर्धा भाग आहे. तालुक्याच्या गावी बाजारपेठेच्या तोंडाशी, कचेरीच्या वा शाळेच्या वाटेवर, एखादे सायकलचे दुकान असावयाचे. पुढे हवा भरण्याचा पंप, पंक्चर पाहण्यासाठी पाण्याचे घमेले, आत छताला टांगलेल्या धावा आणि तासाच्या भाड्याने देण्याच्या दोन-चार सायकली, ज्यांची नोंद एका मळकट वहीत नाव आणि वेळ घालून होत असे. मुंबई इलाख्यातील अनेक नगरपालिका सायकलींवर कर घेत आणि वसुलीची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला देत. रात्री दिव्यावाचून जाणे आणि डबलसीट बसणे हे अपराध मानले जात. महाडची नगरपालिका १८६६ पासूनची, म्हणजे लालमाँच्या एकाधिकाराच्याच सालची, हा निव्वळ योगायोग असला तरी नोंदवून ठेवावासा वाटतो.

या दुकानात पायडल उघडले जाई ते बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस. लाल चिखल आणि बारीक वाळू आत शिरून छर्रे खाऊन टाकीत. पायडल प्रत्येक फेऱ्याला कुरकुरू लागे, आणि ती कुरकुर ऐकूनच कारागीर दोष ओळखी. बाहेरचे टोपण बहुधा हरवलेलेच असे. पान्याने नट सैल करावा, कोन काढावा, तळहातावर ५/३२ इंची छर्रे ओतून घ्यावेत, रॉकेलमध्ये सारे धुवावे, गंजलेले छर्रे बदलावेत, ताजे ग्रीस भरून त्यात एकेक छर्रा टेकवावा आणि कोन इतपतच आवळावा की पायडल हाताने फिरविले असता अडखळू नये व हलविले असता खुळखुळू नये. हे इतपत किती, ते बोटांनाच कळते. मग दसऱ्याच्या दिवशी विळा-कोयता, नांगर आणि ताजव्याच्या पंक्तीला बसून सायकलीलाही झेंडूची माळ मिळे, आणि यंत्र या नात्याने तिला गावाच्या आयुधांत स्थान मिळाल्याचे यापेक्षा वेगळे प्रमाण मला नको आहे.

दुसऱ्या महायुद्धाने हा सारा पुरवठा विस्कळीत केला. विलायती माल थांबला. १९४२ च्या आरंभी मलाया आणि सिंगापूर जपान्यांच्या हाती गेल्यावर रबराची टंचाई जगभर झाली, आणि टायरपासून पायडलाच्या ठोकळ्यापर्यंत प्रत्येक वस्तू जपून वापरण्याचा काळ आला. परंतु याच टंचाईच्या पोटी देशी धंद्याला बळ मिळाले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना आधीच सुरू झालेला होता. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी. आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला अ‍ॅटलास आणि १९५६ पासून लुधियान्यास हिरो असे मोठे कारखाने उभे राहिले. लुधियान्याची खरी शक्ती तिच्या छोट्या कारखान्यांत होती. कोणी फक्त आस कातावा, कोणी फक्त पत्रा ठोकावा, कोणी रबर ओतावे, आणि त्यांच्या जुळणीतून निघालेले पायडल टपालाच्या आणि मालमोटारीच्या वाटेने पोलादपूरच्या दुकानापर्यंत यावे. विलायती नाव पुसले गेले, घाट तोच राहिला. साठ-सत्तर वर्षांत त्या रबरी पायडलाच्या आकारात जाणवण्याजोगा फरक पडला नाही. पुढे कडेला अंधारात चमकणाऱ्या पिवळ्या काचा आल्या, आणि कालांतराने स्वस्त सायकलींवर रबराची जागा प्लॅस्टिकने घेतली, जी मला अवनती वाटते, कारण ओल्या प्लॅस्टिकवर अनवाणी पाऊल ठरत नाही.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी मोटारसेवा सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत एस. टी. कोकणच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली. तिने सायकल मारली नाही; उलट तिच्या टपावर सायकल चढवून घाटाचा भाग मोटारीने व गावचा भाग सायकलीने, अशी सोयिस्कर वाटणी झाली. पोस्टमन, शिक्षक, दूध घालणारे, पाव-बटर विकणारे, ग्रामसेवक यांचे दिवस सायकलीवरच चालले. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकने लूना बाजारात आणली तेव्हा तिलादेखील पायडले होती, आणि चढावर इंजिनाचा दम उखडला की स्वार ती मारी, हे त्या पिढीतील लोकांना आठवत असेल. खरा बदल त्यानंतरच्या दुचाक्यांनी केला. मुंबईस गिरणीत वा गोदीत काम करणाऱ्या चाकरमान्याच्या पाठविलेल्या पैशांतून घरी मोटारसायकल आली, कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे धावू लागली, महाडला औद्योगिक वसाहत वाढली, आणि सायकल शाळकरी मुलांपुरती व वृद्धांपुरती उरली.

गेल्या काही वर्षांत सायकल या घाटात परत आली आहे, परंतु ती दुसऱ्याच माणसांची. मुंबई-पुण्याहून हलक्या, अनेक गियरांच्या सायकली घेऊन लोक वरंध उतरतात आणि आंबेनळी चढतात. त्यांच्यातील पुष्कळांचे जोडे पायडलास खिळीने अडकलेले असतात. स्कीला बूट अडकविणाऱ्या बंधनांवर प्रभुत्व मिळविलेल्या लुक या फ्रेंच कंपनीने १९८४ साली ही युक्ती सायकलीला लावली, पुढच्याच वर्षी बर्नार इनो याने ती वापरून फ्रान्सची महाशर्यत जिंकली, आणि १९९० मध्ये शिमानोने चिखलात चालण्याजोगे तिचे रूप काढले. शर्यत करणाऱ्यास तिचा उपयोग आहे, याविषयी मला शंका नाही. जोराने पायडल फिरविताना पाऊल हलत नाही आणि खडबडीत रस्त्यावर उडत नाही. परंतु जो मनुष्य शर्यत करीत नाही, जो रायगडाच्या पायथ्याशी, शिवथरघळीत किंवा कवींद्र परमानंदांच्या समाधीपाशी उतरून चार पावले चालू इच्छितो, आणि ज्याला पावसाळ्यात आंबेनळीच्या वळणावर कोसळून आलेले दगड चुकवावे लागणार आहेत, त्याने सपाट पायडलच घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. आता तर गियरांमुळे चढावर साऱ्या देहाचे वजन तोलण्याचीही गरज उरलेली नाही, आणि चढताना पायाचा बहुतेक सारा उपयोगी जोर खाली दाबण्यातच असतो. तो जोर स्वीकारण्यास रुंद, सपाट पृष्ठभागाहून अधिक काही लागत नाही. लांब चढावर पाऊल थोडे मागेपुढे सरकविता येते आणि पोटऱ्यांस विसावा मिळतो, हा त्यातला आणखी एक लाभ.

आजचे चांगले सपाट पायडल रबरी ठोकळ्याहून रुंद असते, मध्ये किंचित खोलगट असते, आणि त्याच्या पृष्ठभागावर बारीक पोलादी खिळ्या असतात ज्या जोड्याच्या रबरी तळव्यात रुततात. या खिळ्यांचा पकड देण्याचा गुण निर्विवाद आहे. मात्र त्या जुन्या दातेरी पायडलाच्याच वंशातल्या असल्यामुळे अनवाणी पायाने किंवा पातळ चपलेने त्यांच्या वाटेस जाऊ नये. नडगीवर बसल्या तर रबराच्या आठवणी सौम्य वाटतील. अॅल्युमिनियमचे घ्यावे की नायलॉनचे, या प्रश्नावर या मुलखापुरते माझे मत नायलॉनच्या बाजूस आहे. ते दगडावर आपटले तरी घसटत जाते, गंजत नाही, आणि स्वस्तही पडते. आसाच्या बाबतीत मात्र विचार करावा. बंदिस्त बेअरिंगची पायडले दीर्घकाळ निगा मागत नाहीत, पण बिघडली की सुटा भाग मुंबई-पुण्याहून आणवावा लागतो. छर्रे आणि कोनाची जुन्या घडणीची पायडले वर्षाकाठी उघडावी लागतात, पण ती महाडच्या कोणत्याही दुकानात उघडली जातात. जेथे सावित्रीचा पूर बाजारपेठेत शिरून घराघरांत गाळ सोडून जातो, तेथे उघडून धुता येणे हा मोठा गुण आहे.

आणि जुनी रोडस्टर ज्यांच्या पडवीत अजून उभी आहे त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. प्रौढांच्या सायकलींच्या पायडलाचे माप आजही ९/१६ इंचाचे आणि इंचास वीस आट्यांचेच आहे, त्यामुळे तैवानात घडलेले अगदी नवे सपाट पायडल आजोबांच्या हर्क्युलीसच्या दांड्यात बिनतक्रार बसते. बसविताना एवढेच पाहावे, की उजव्या बाजूच्या पायडलाचे आटे सुलटे आणि डाव्याचे उलटे असतात, कारण तसे नसते तर डावे पायडल चालविता चालविता आपोआप सैल होऊन गळून पडले असते. आसाच्या टोकावर बहुधा आर आणि एल ही इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. आट्यांना बोटभर ग्रीस लावावे, पहिले दोन फेरे पान्यावाचून हातानेच द्यावेत, आणि दोन्ही पायडले सायकलीच्या पुढच्या दिशेस फिरवून आवळावीत.